नोकरभरतीची कात्री आणि दोन शिक्षकांची शाळा

सरकारी नोकरभरतीवर मर्यादा आल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात झळकते. तिची भाषा ठरलेली असते. काटकसरीचे उपाय, नव्या भरतीला स्थगिती आणि शेवटी, 'अत्यावश्यक सेवांना वगळले'. शहरातील वाचक ती वाचून पान उलटतो. नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुले हळहळतात. आमच्यासारखे खेड्यातील शिक्षक मात्र त्या शेवटच्या शब्दांपाशी अडखळतात. अत्यावश्यक सेवा कोणती हे ठरवतो कोण? आणि ती खरोखरच वगळली गेली की नाही, हे आमच्या गावापर्यंत येऊन पाहतो कोण? सीमाभागातील मराठी माणसासाठी या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. जागा भरली असे कागदावर दिसते, पण भरलेला माणूस आणि गाव एकमेकांशी बोलू शकत नाहीत. अशी जागा भरलेली समजायची की रिकामी?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. सरकारने मागेल त्याला नोकरी द्यावी, खर्चाला धरबंध नको, असे आमचे म्हणणे नाही. राज्याचा पैसा हा शेवटी शेतसाऱ्यापासून काडेपेटीपर्यंत सर्वांच्या खिशातून गेलेला पैसा आहे. वित्तीय जबाबदारीचा कायदा देशात सर्वांत आधी केला तो कर्नाटकाने, २००२ साली. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे १ ऑगस्ट २०२४ पासून राज्याने मूळ वेतनात साडेसत्तावीस टक्के वाढ दिली, तिचा वार्षिक बोजा सुमारे वीस हजार कोटी रुपयांचा सांगितला गेला. वाढलेल्या पगाराचा आम्हा शिक्षकांनाही लाभ झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज हे तीन मोठे खर्च वाढत गेले की अर्थखाते भरतीचा नळ बंद करते. तिजोरी सांभाळणाऱ्याचे ते कामच आहे. आमचा आक्षेप नळ कुठे आणि कसा बंद केला जातो, यावर आहे.

हा हिशेब कसा मांडला जातो ते पाहू. पाचव्या केंद्रीय वेतन आयोगाने १९९७ साली दिलेल्या अहवालात दहा वर्षांत केंद्राचा नोकरवर्ग तीस टक्क्यांनी घटवावा आणि रिकाम्या असलेल्या साडेतीन लाख जागा भरूच नयेत, असे सुचवले. पगारवाढ तेवढी झाली, कपातीची शिफारस मागे पडली. पुढे २००१ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी सोपे गणित मांडले. दरवर्षी सुमारे तीन टक्के कर्मचारी निवृत्त होतात. नवी भरती एकूण संख्येच्या एक टक्क्यापुरतीच करायची. म्हणजे वर्षाला दोन टक्के घट, पाच वर्षांत दहा टक्के. कुणाला कामावरून काढायचे नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, तरी संख्या आपोआप उतरते. केंद्राच्या मुलकी नोकरवर्गासाठी हा नियम २००९ पर्यंत चालू राहिला.

कागदावर हे गणित निर्दोष दिसते. पण निवृत्ती गरज पाहून येत नाही, ती जन्मतारीख पाहून येते. एखाद्या मोठ्या कार्यालयात चाळीस कारकून असतील आणि त्यातील एक निवृत्त झाला, तर उरलेले एकोणचाळीस थोडे अधिक काम ओढतात, नाही तर फायली थोड्या उशिरा हलतात. खानापूर तालुक्यातील जंगलपट्टीत पहिली ते पाचवीची शाळा असते, तिथे शिक्षक दोन. त्यातील एक निवृत्त झाला, तर राज्याच्या तक्त्यात ती घट दशांश चिन्हाच्या पुढे कितव्या घरात बसेल कोण जाणे, पण गावात ती सरळ पन्नास टक्के आहे. उरलेल्या एका शिक्षकाने पाच वर्ग, माध्यान्ह आहाराची नोंद, अंडी-दुधाचा हिशेब, बीईओ कार्यालयातील बैठक आणि मोबाइलवर भरायची माहिती, हे सारे उरकायचे. बैठकीच्या दिवशी शाळेत कोण असते, हे विचारू नये.

सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर उलटे घडते. सुके मोठ्या ढिगात असल्यामुळे बचावते आणि कडेला पडलेली ओली काडी आधी जळते.

त्यात मराठी शाळेची स्थिती आणखी नाजूक. कन्नड माध्यमाच्या शाळेत एक शिक्षक कमी झाला, तर शेजारच्या शाळेतील जादा शिक्षक तिथे धाडता येतो. 'हेच्चुवरी' हा शब्द आपल्या भागातील प्रत्येक मास्तराला तोंडपाठ आहे. जिथे मुले कमी तिथला शिक्षक हेच्चुवरी, त्याला जिथे मुले जास्त तिथे पाठवायचे. कन्नड माध्यमाकडे त्यासाठी सबंध राज्यभराचा साठा आहे. मराठी माध्यमाचे तसे नाही. मराठीतून गणित-विज्ञान शिकवू शकणारे शिक्षक बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार-हल्याळ, बिदरकडे औराद-भालकी अशा मोजक्या ठिकाणी विखुरलेले. त्यामुळे इथली रिकामी जागा बदलीने भरून निघत नाही. नवी भरती झाली तरच ती भरते. म्हणून सरसकट बंदीचा फटका दोघांना सारखा बसत नाही. ज्याची विहीर खोल आहे तो एक उन्हाळा काढतो, ज्याच्या दारात रांजण आहे त्याची चार दिवसांत वाट लागते.

पुढचे रडगाणे वाचकांना ठाऊक आहे. जागा रिकामी, म्हणून अतिथी शिक्षक. तो जूनमध्ये वेळेवर येईलच असे नाही, मार्चनंतर त्याचे मानधन बंद. पालक दोन वर्षे वाट पाहतात आणि मग मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडतात. पटसंख्या घसरते. पट घसरला की उरलेली जागाही हेच्चुवरी ठरते आणि अहवालात लिहिले जाते की मराठी शाळांना मागणीच नाही. मागणी आधी गेली की मास्तर आधी गेला, हे त्या अहवालात शोधून सापडायचे नाही. पालकांना इंग्रजीची ओढ आहे, ती नाकारून चालणार नाही. पण दोन्ही शिक्षक जागेवर असलेली शाळा सोडताना पालक दहादा विचार करतो, हे आम्ही इतक्या वर्षांत गावोगाव पाहिले आहे.

या बाबतीत कायदा आमच्या बाजूने आहे, आणि तो अर्थखात्याच्या हिशेबापेक्षा शहाणा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शिक्षकांची संख्या राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरासरीवर मोजत नाही. त्याच्या २५ व्या कलमात 'प्रत्येक शाळेत' असे शब्द आहेत. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, असे परिशिष्टात दिले आहे. वरच्या प्राथमिक वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी वेगवेगळा शिक्षक हवा. २६ वे कलम तर मुळातून वाचण्यासारखे आहे. कोणत्याही शाळेत रिकाम्या जागा मंजूर जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे ते सांगते. आता दोन मंजूर जागांचे दहा टक्के काढा. शून्य पूर्णांक दोन. म्हणजे दुशिक्षकी शाळेत एकही जागा रिकामी ठेवण्याची मुभा कायदा देत नाही. आर्थिक काटकसरीचे परिपत्रक कितीही मोठ्या सहीने निघाले, तरी संसदेने केलेल्या कायद्याच्या वर ते जाऊ शकत नाही.

याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसऱ्या शाळाबाह्य कामाला लावू नये असे बजावते. प्रत्यक्षात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरत होते आणि दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत लांबवावी लागली. सर्वेक्षण हवे की नको हा वेगळा वाद. पण ज्या कामासाठी माणसे लागतात त्या कामासाठी माणसे भरायची नाहीत, आणि शाळेतली माणसे उसनी न्यायची, ही भरतीबंदीची दुसरी बाजू आहे. उसनवारी नेहमी गरिबाच्या घरातूनच होते, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

भरती थांबली म्हणून काम थांबत नाही. हे कळायला आपल्याला दूर जायला नको, कर्नाटकाचाच इतिहास पुरेसा आहे. १ जुलै १९८४ पासून रोजंदारीवर नेमणुका करायच्या नाहीत, असे राज्य सरकारने ठरवले. ठरवले खरे, पण रस्ते दुरुस्त करायचे होते, कार्यालये चालवायची होती. खाती माणसे घेतच राहिली. धारवाड जिल्ह्यातील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० साली त्यांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याचा मार्ग निघाला. १९८४ नंतर घेतलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. अखेर १० एप्रिल २००६ रोजी, ज्याला सारे 'उमादेवी निकाल' म्हणतात, त्या कर्नाटकाच्याच प्रकरणात घटनापीठाने सांगितले की मागल्या दाराने आलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर जागेवर न्यायालयाच्या आदेशाविना दहा वर्षे घालवलेल्यांना तेवढी एकदाच संधी द्यावी.

न्यायालयाचे म्हणणे बरोबर होते. जाहिरात न देता, परीक्षा न घेता ओळखीच्या माणसाला घुसवायचे आणि दहा वर्षांनी कायम करायचे, हा बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांवरचा अन्याय आहे. पण सरकारांनी त्या निकालाचा अर्धाच भाग उचलला. कायम करायचे नाही, एवढे लक्षात ठेवले. कायम स्वरूपाचे काम तात्पुरत्या माणसाकडून वर्षानुवर्षे करून घेऊ नये, हे सोयीस्कर विसरले. २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातील झाडूवाल्या आणि इतर कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचीच कानउघाडणी केली. उमादेवी निकाल हा दीर्घकाळ राबलेल्यांचा हक्क बुडवण्याची ढाल नव्हे, असा त्याचा मथितार्थ. सफाई कामगारांच्या बाबतीत कर्नाटकाने २०२२ साली ११,१३३ पौरकार्मिकांना सेवेत घेण्याचा निर्णय केला, तो या दृष्टीने चांगला. शहरातला कचरा दिसतो, त्याची दुर्गंधी येते, म्हणून तिथे जाग आली. न शिकलेल्या मुलाची दुर्गंधी येत नाही.

शेजारच्या राज्यांनीही हीच वाट धरली होती. गुजरातने १९९८ साली महिना अडीच हजारांवर 'विद्यासहायक' नेमले. महाराष्ट्रात २००० पासून 'शिक्षणसेवक' आले, प्राथमिकला तीन हजारांवर. हे मानधन पुढे वाढत २०२३ साली सोळा हजारांवर आले. मध्य प्रदेशातील शिक्षाकर्मी वर्षानुवर्षे पंचायतीच्या पदरी राहिले आणि २०१८ साली शिक्षण खात्याच्या संवर्गात आले. या योजनांना आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. महाराष्ट्र-गुजरातच्या योजनेत निदान ठरलेली वर्षे काढल्यावर पूर्ण वेतनाची वाट होती, निवडही गुणवत्ता यादीतून होत होती. आपल्याकडच्या अतिथी शिक्षकापुढे तीही वाट नाही. दहा-बारा हजारांवर शैक्षणिक वर्षापुरते राबायचे आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. मराठी डी.एड. झालेली हुशार मुलगी हे किती वर्षे करील? ती कोल्हापूरला किंवा गोव्याला खासगी नोकरी पाहते. मग ज्या दिवशी खरी भरती निघते, त्या दिवशी पात्र उमेदवार मिळत नाहीत म्हणून जागा पुन्हा रिकामी.

अंगणवाडी ताई आणि आशा यांच्या बाबतीत तर जागा हा शब्दच वापरायचा नाही, अशी रीत आहे. अंगणवाडी सेविकेचे पद हे सरकारी पद नव्हे, हा निकालही कर्नाटकाच्याच प्रकरणात, २००६ च्या अखेरीस लागला. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, एवढाच दिलासा. गावातल्या पहिल्या दोन सेवा, म्हणजे बाळंतिणीची विचारपूस आणि तान्ह्या मुलाचे वजन, या नोकरभरतीच्या हिशेबात बसतच नाहीत. गंमत अशी की म्हणूनच त्या टिकल्या. आणि टिकण्याचे दुसरे कारण असे की ताई आणि आशा त्याच गावच्या असतात. त्या गावची भाषा बोलतात.

इथे भाषेच्या पदराकडे वळू. उपकेंद्रातील नर्सबाईची जागा घ्या. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हे देशाचे प्रमाण आहे. समजा जागा भरली. नर्सबाई दूरच्या जिल्ह्यातून आल्या, कामाला चोख, स्वभावाने प्रेमळ. पहिलटकरीण मुलगी सांगते, 'कालपासून बाळ फिरंना झालंय.' तिची सासू म्हणते, 'घेरी येतीया, ओटीपोटात चमक निघतीया.' या तीन वाक्यांत एका जिवाचा प्रश्न असू शकतो. ती वाक्ये समजली नाहीत तर रक्तदाबाचे यंत्र काय करणार? आमचा अनुभव असा की चार-सहा महिन्यांत बहुतेक नर्सबाई मराठी उचलतात, काही तर आमच्यापेक्षा गोड बोलतात, आणि गावही त्यांना लेकीसारखे जपते. पण तोवर बदलीची वेळ येते, किंवा दुसऱ्या उपकेंद्राचा ॲडिशनल चार्ज येतो आणि आठवड्यातून दोनच दिवस दर्शन होते. मग पुन्हा नवा चेहरा.

तलाठी, पीडीओ, लाइनमन, बसचा कंडक्टर यांच्याशी लोक कन्नड-मराठी मिसळून निभावून नेतात. सीमाभागातील माणूस व्यवहारापुरते दोन्ही बोलतो, त्यात कुणाचेही अडत नाही. म्हणून प्रत्येक शिपायाला मराठी आलेच पाहिजे, असला हट्ट आम्ही धरत नाही. पण शिकवणे, दुखणे सांगणे आणि कागद समजावून घेणे, या तीन ठिकाणी भाषा हीच सेवा असते. ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या मान्य योजनेत आहे. भरतीच्या आधी राजभाषेच्या ज्ञानाची अट न घालता परिवीक्षा काळात परीक्षा घ्यावी, हे १९५६ च्या केंद्रीय मेमोरँडमपासून सांगितले गेले. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय व्हावी, हा ठराव तर १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला. राज्यघटनेच्या ३५० (अ) कलमाचा आधार या साऱ्यामागे आहे. राज्यात नोकरी करणाऱ्याला कन्नड यावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आम्ही विचारतो ते एवढेच, की मराठी गावात नेमलेल्या नर्सबाईला किंवा मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला मराठी येते का, हा रकाना कोणत्याच तक्त्यात का नसतो?

आता 'अत्यावश्यक सेवांना वगळले' या वाक्याकडे परत येऊ. कोरोनाच्या काळात, ४ मे २०२० रोजी, महाराष्ट्र सरकारने नव्या भरतीवर बंदी घातली आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण ही खाती वगळली. त्या घडीला ते योग्य होते. त्याच जुलैत कर्नाटकाच्या अर्थखात्यानेही थेट भरती थांबवली, त्यात ३७१ (जे) खालच्या कल्याण कर्नाटकातील जागाही अडकल्या, म्हणजे बिदरकडील आपली मंडळीही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकाने नव्या भरतीच्या जाहिराती पुन्हा थांबवल्या, त्याचे कारण पैसा नव्हता. अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा निवाडा होईपर्यंत थांबायचे ठरले होते. कारण न्याय्य होते, पण थांबलेल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. राज्याच्या मंजूर पदांपैकी अडीच लाखांहून अधिक रिकामी असल्याचे सरकारी आकड्यांतूनच पुढे आले आहे, ते एका दिवसात झालेले नाही.

खाते वगळणे हा सरकारचा आवडता उपाय आहे, कारण तो सोपा आहे. पण खाते वगळले की त्या खात्याचा राजधानीतला टंकलेखकही अत्यावश्यक ठरतो, आणि न वगळलेल्या खात्यातला गावच्या नळाला पाणी सोडणारा माणूस अनावश्यक. शिक्षण खाते वगळले तर उपसंचालकांच्या कार्यालयातील जागा आधी भरेल, शाळेची नंतर. म्हणून वगळायचे ते खाते नव्हे, जागा. तीही जिथे लोक प्रत्यक्ष जाऊन उभे राहतात ती जागा. वर्गातील शिक्षक, उपकेंद्रातील नर्सबाई, खांबावर चढणारा लाइनमन, पाणी सोडणारा, बस चालवणारा. यांच्यासाठी प्रत्येक गावागणिक किमान संख्या ठरवावी आणि तिच्याखाली संख्या जाऊ लागली की अर्थखात्याच्या परवानगीची वाट न पाहता जागा भरण्याचा अधिकार जिल्ह्याला असावा. काटकसर करायची तर ती कार्यालयांतील फायलींच्या मजल्यांवर करावी. संगणक आल्यापासून तिथे किती हात खरोखर लागतात, हे एकदा मोजून पाहायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट निवृत्तीची. कर्नाटकात साठाव्या वर्षी निवृत्ती. कोणता शिक्षक कोणत्या महिन्याच्या अखेरीस जाणार, हे तो नोकरीला लागला त्या दिवशीच सेवापुस्तकात लिहिलेले असते. पाऊस कधी पडेल हे सांगता येत नाही, पण मास्तर कधी निवृत्त होणार हे सांगता येते. तरीही त्यांच्या सत्काराचा नारळ फुटल्यावर रिकाम्या जागेचा पहिला अहवाल निघतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मराठी माध्यमाच्या शिक्षकांची संख्या मुळात मर्यादित आहे. पुढील पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची तालुकावार यादी एका संध्याकाळी तयार होऊ शकते, आणि तिच्या आधारे मराठीसाठी वेगळा कोटा ठेवून भरती आधीच करता येते. राज्यभराच्या एका मोठ्या जाहिरातीत मराठीच्या चार जागा कुठेतरी तळाशी टाकून त्या भरल्या नाहीत म्हणून रद्द करण्यापेक्षा ते बरे.

हे सारे वरून कधी होईल ते होवो. गावाच्या हातात काय आहे, ते सांगून हा लेख आवरता घेतो. आमच्या समितीने तालुक्यातील शाळा सुधारणा कमिट्यांना एक साधी वही घालायला सांगितली आहे. गावातील प्रत्येक सेवेच्या जागेपुढे मंजूर किती, हजर किती, डेप्युटेशनवर किती, अतिथी किंवा कंत्राटी किती, निवृत्तीचा महिना कोणता आणि त्या माणसाला गावची भाषा येते का, एवढेच लिहायचे. 'भरलेली' आणि 'हजर' हे दोन रकाने वेगळे ठेवायचे, कारण डेप्युटेशनवर गेलेल्या शिक्षकाचा पगार आपल्याच शाळेच्या नावावर निघतो आणि जागा भरलेली दिसते. ज्यांची माहिती मिळत नाही, त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे शाळेसाठी एक आणि दवाखान्यासाठी दुसरा असे वेगळे अर्ज करावेत, नाही तर परत येतात. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा कन्नडमध्ये देता येतो. ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून देण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हेही सांगून ठेवावे.

उत्तर आले की त्यातील आकडे २५ आणि २६ व्या कलमाशी ताडून निवेदन करावे. एक प्रत बीईओंना, एक उपसंचालकांना आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. निवेदनात भाषणबाजी नको. 'दोन मंजूर, एक हजर, दुसरी जागा अमुक महिन्यापासून रिकामी, कलम २६ चा भंग,' एवढे चार ओळींत लिहिले की पुरते, कारण त्याला उत्तर द्यावेच लागते. वही घालायला हातात नमुना हवा असेल, तर रविवारच्या बैठकीला एसडीएमसीच्या अध्यक्षांनी यावे. येताना शाळेचा हजेरीपट आणि शिक्षकांच्या जन्मतारखा तेवढ्या लिहून आणाव्यात.